चार स्क्रूंमधलं अंतर

नागपुरात कूलर म्हणजे लोखंडी पेटी, तीन बाजूंना ताट्या, तळाला पाणी आणि घोंघावणारा पंखा. पंप जळला तर बर्डीत जायचं आणि नवा आणायचा. तो कुठल्या कंपनीच्या कूलरला चालेल, असं कोणी विचारत नाही. पेटी गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याने बनवली असली तरी पंप बसतोच. आता हीच गोष्ट तुमच्या ग्राफिक्स कार्डासाठी करून पाहा. जमणार नाही. आणि हा तंत्रज्ञानाचा नाइलाज नाही, हा कंपन्यांचा निर्णय आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आधी उन्हाचा हिशोब करू. कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त चिप आणि खोली यांच्या तापमानातला फरक आटोक्यात ठेवतो. २५ अंशांच्या खोलीत कार्ड ७२ वर चालत असेल, तर ४५ अंशांत तेच साधारण ९२ वर जाणार. एनव्हिडियाने जीटीएक्स १०६० ची कमाल मर्यादा ९४ अंश सांगितली आहे, पण कार्ड त्याच्या बरंच आधी क्लॉक खाली आणतं. म्हणजे मे महिन्यात आपण पूर्ण पैसे मोजून अर्धवट वेग वापरतो. त्यात पंख्याचं बेअरिंग गेलं की चांगली चिप भंगारात.

मग वेगळा कूलर लावू म्हणावं, तर पहिला प्रश्न चिपभोवतीच्या चार भोकांचा. आरएक्स ५८० मध्ये दोन भोकांतलं अंतर साधारण ५३ मिलिमीटर, जीटीएक्स १०८० मध्ये साधारण ५८, आरएक्स वेगामध्ये ६४. भोकं जुळली तरी एखादा उंच कपॅसिटर आडवा येतो, मेमरी चिपवर हीटसिंक टेकत नाही, किंवा पंख्याचा छोटा कनेक्टर नेहमीच्या पंख्याला लागत नाही. यातली कुठलीही माहिती खोक्यावर नसते. आरजीबी दिव्यांना मात्र खोक्यावर भरपूर जागा असते.

कंपन्या म्हणतील, प्रत्येक बोर्डाचं डिझाइन वेगळं, एकच माप कसं ठरवणार? याचं उत्तर त्याच कॅबिनेटमध्ये आहे. मदरबोर्डही डझनभर कंपन्या आपापल्या पद्धतीने बनवतात. तरी इंटेलने २००९ च्या एलजीए ११५६ पासून २०२० च्या एलजीए १२०० पर्यंत प्रोसेसर कूलरच्या भोकांतलं अंतर ७५ मिलिमीटरच ठेवलं. २०२१ मध्ये ते ७८ झालं, तेव्हा नॉक्टुआने जुन्या ग्राहकांना नव्या मापाचे क्लॅम्प मोफत दिले. एएमडीच्या एएम४ चे बरेचसे कूलर एएम५ वर बसतात. १२० मिलिमीटरचा पंखा कुठल्याही कंपनीचा घ्या, भोकांतलं अंतर १०५ मिलिमीटरच. माप ठरलं म्हणून कुणाचं संशोधन अडलं नाही. उलट कूलर बनवणाऱ्यांत स्पर्धा वाढली.

दुसरा सल्ला ठरलेला असतो: एसी लावा, नाहीतर नवं कार्ड घ्या. हा सल्ला देणाऱ्याने आपल्याकडचं मे महिन्याचं वीजबिल पाहिलेलं नसतं. एका चिपसाठी अख्खी खोली गार करायची, हे कुठलं इंजिनिअरिंग?

सरकारने काही केलं नाही असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केलं. पण निवडलेली क्षेत्रं चार: शेतीची अवजारं, मोबाईल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं. कॉम्प्युटरचे सुटे भाग त्यात वेगळे मोजलेले नाहीत. ट्रॅक्टर उघडण्याचा हक्क हवा, हे आपल्याला पटतं. मग हजारो रुपयांचं कार्ड उघडताना स्टिकर फाटेल म्हणून हात का थरथरावा?

माझ्या मागण्या महागड्या नाहीत. प्रत्येक कार्डासोबत भोकांतलं अंतर, चिपची उंची आणि भोवतालच्या भागांची उंची दाखवणारं एका पानाचं रेखाचित्र द्या. पंख्याला सगळीकडे चालणारा कनेक्टर द्या. नीट काढलेल्या कूलरपायी वॉरंटी नाकारू नका. रेखाचित्र कंपनीकडे आधीच आहे, त्याशिवाय तिचा स्वतःचा कूलरही बसला नसता.

आणि रिव्ह्यू करणाऱ्या मित्रांनो, तुम्ही एफपीएस मोजता ते ठीक. पुढच्या वेळी कार्ड उघडा आणि व्हर्नियरने ती चार भोकंही मोजा. कंपनी सांगत नसेल तर आपण एकमेकांना सांगू.