दुकान लालबागला, घर कुठे? आधी गल्ला बघा

मागच्या बॅचमध्ये एका भावाने विचारलं, "सर, लालबागची खोली विकून डोंबिवलीला वन बीएचके घेऊ का?" वर्गात अर्धे लोक "घे घे" म्हणाले, अर्धे "वेडा आहेस का" म्हणाले. व्हिडिओत मी घाईघाईत उत्तर दिलं होतं. इथे नीट लिहितो.

घर घ्यावं की भाड्याने राहावं, यावरचे बहुतेक सल्ले पगारदार माणसासाठी असतात. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. आपला धंदा तसा चालतो का? गणपतीच्या आधी गिऱ्हाईक दुकानात मावत नाही, पितृपक्षात माशा मारायच्या, दिवाळीला परत गर्दी, आणि जूनमध्ये गल्ल्याकडे बघवत नाही. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच.

आता आकडे. समजा लालबाग-परळला तयार फ्लॅट दीड कोटीचा आहे. 75 लाखांच्या वरच्या होमलोनला बँक किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे साडेसदतीस लाख तुमचे. मुंबईत स्टॅम्प ड्युटी 6 टक्के, म्हणजे 9 लाख, आणि रजिस्ट्रेशनचे 30 हजार. (फ्लॅट फक्त बायकोच्या नावावर घेतला तर ड्युटीत एक टक्का सूट आहे, दीड लाख वाचतात. वाटतं तेवढं छोटं नाही ते.) एकूण जवळजवळ 47 लाख रोख. उरलेल्या साडेबारा लाख कमी सव्वा कोटीवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साधारण 97,600 रुपये. तोच फ्लॅट 40 हजार भाड्याने मिळत असेल, तर दरमहा 57 हजारांचा फरक.

आणि कर्ज मिळेल का, हा वेगळाच प्रश्न. बँक आयटीआर बघते. आपण वर्षानुवर्षं सीएला "जरा कमी दाखवा" सांगतो आणि मग बँकेत जाऊन "माझा धंदा मोठा आहे हो" म्हणतो. कागद जे बोलतो तेच बँक ऐकते.

पण खरं सांगा, 47 लाख रोख कोणाकडे आहेत? आपल्या भागात ते एकाच ठिकाणाहून येतात, वडिलांची पागडीची खोली विकून. म्हणून गिरगाव, दादर, लालबागमध्ये प्रश्न "विकत की भाड्याने" एवढाच नसतो. आपल्याकडे तिसराच प्रकार आहे. पागडी म्हणजे मालकी नाही आणि साधं भाडंही नाही. भाडेपावती काही शे रुपयांची, पण हक्क एवढा पक्का की खोली लाखांत जाते. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेण्या-देण्याला मान्यताही दिली. विकताना मालकाची संमती लागते आणि तो त्याचा हिस्सा घेतो, बहुतेक वेळा एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे दलालाने सांगितलेला आकडा तुमच्या हातात पडत नाही, हे आधीच धरून चाला.

माझं मत स्पष्ट आहे: दुकान इथेच असेल तर खोली विकू नका. जुन्या उपकरप्राप्त इमारतीचं 33(7) खाली रिडेव्हलपमेंट झालं, तर भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेटचं घर मालकी हक्काने मिळतं. दहा बाय बाराच्या खोलीचं ते घर होतं. कधी होईल, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. बिल्डर येतो, भाड्याचे चेक देतो, मग चेक थांबतात आणि लोक वर्षानुवर्षं बाहेर राहतात. अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील. म्हणून खोली राखा, पण नवीन फ्लॅटच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आणि राखायची म्हणजे कुलूप लावून जायचं नाही! योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसेल तर मालक खोली खाली करायचा दावा लावू शकतो. त्याला न विचारता पोटभाडेकरू ठेवला, तरी तेच. वडिलांच्या पश्चात हक्क सांगताना त्यांच्यासोबत तिथे कोण राहत होतं, हे बघितलं जातं. सगळं कुटुंब डोंबिवलीला, वडील एकटे लालबागला, हे चित्र कोर्टात महागात पडतं. रेशनकार्ड, लाइटबिल, पावती, सगळं जागेवर ठेवा.

माझी चूकही सांगतो. धंद्याच्या चौथ्या वर्षी सीझनचा पैसा हातात आला आणि मी उत्साहात एका फ्लॅटचं बुकिंग केलं. पुढच्या सीझनला माल भरायला रोकड नाही. रोखीवर मिळणारी सूट गेली, उधारीवर माल उचलला, आणि जो माल शेजारचा विकत होता तो माझ्या दुकानात आलाच नाही. शेवटी बुकिंग सोडलं, थोडे पैसे कापून परत मिळाले. आई दोन महिने धड बोलली नाही. तिच्या मते मी घर घालवलं. माझ्या मते मी दुकान वाचवलं. यावर आमचं आजही एकमत नाही.

तिचं सगळंच चुकीचं नाही. लिव्ह अँड लायसन्सवर दर 11 महिन्यांनी बॅगा भरायच्या, परत दलाली, परत डिपॉझिट, मुलांची शाळा लांब पडते, आणि साठीच्या माणसाला घर द्यायला मालक कुरकुरतात. ज्याच्या घरी म्हातारी माणसं आहेत आणि खोलीच नाही, त्याने छोटं का होईना, घर बघावं. फक्त पैसा धंद्याच्या खेळत्या भांडवलातून काढू नये. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडल्याशिवाय टोकन देऊ नये.

आणि घर, दुकान दोन्ही भाड्याचं असेल, घेता एकच येत असेल, तर मी आधी गाळा घेईन. राहायचं घर दोन गल्ल्या पलीकडे हललं तर त्रास होतो, पण गिऱ्हाईक तुटत नाही. दुकान हललं की दहा वर्षांचं गिऱ्हाईक पांगतं. शिवाय डोंबिवलीहून रोज तासभर लोकलला लटकून येणारा माणूस सकाळी शटर उशिरा उघडतो आणि रात्री शेवटचं गिऱ्हाईक सोडून पळतो, हे मी कितीतरी दुकानांत पाहिलंय.

त्या भावाला मी एवढंच सांगितलं की आधी दोन कागद आण: भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते, आणि मागच्या तीन वर्षांचा महिन्यानुसार गल्ला. पावती अजून आजोबांच्या नावावर निघाली. आता तो आधी मालकाकडे जाऊन नाव बदलून घेतोय, डोंबिवलीचं नंतर बघू.