देणे फिटते, जुगार राहतो

मुलगा जुगारात बुडाला आहे हे घरी कळते ते बहुधा वसुलीवाल्याच्या फोनमुळे. मग बैठक बसते. काका येतात, मामा येतात, दार लोटून घेतले जाते. पहिला प्रश्न एकच असतो, "एकूण देणं किती?" मुलगा खाली मान घालून रक्कम सांगतो आणि ती खऱ्या रकमेच्या निम्मीही नसते. मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने पतसंस्थेत तारण जातात, कुठे गावाकडचे चार गुंठे विकायला निघतात. मुलगा आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. "बाहेर कुणाला कळता कामा नये," असे एकमेकांना बजावून मंडळी उठतात. त्या दिवशी त्याची शपथ मनापासून घेतलेलीच असते. तरी काही महिन्यांनी दुसरा फोन येतो आणि तेव्हा घरात विकण्यासारखे फारसे उरलेले नसते.

या बैठकीत देण्याचा हिशेब होतो, अब्रूची चर्चा होते. दवाखान्याचे नाव मात्र कुणी काढत नाही. देणे फिटल्यावर त्याची पत पुन्हा उभी राहते, फोन पुन्हा हातात येतो, आणि 'या वेळी गेलेले काढून घरच्यांचे पैसे परत करू' हा नवा विचार डोक्यात सुरू होतो. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून दिलेली रक्कम अशी पुढच्या डावाचे भांडवल ठरते. जुगाऱ्याचे देणे गुपचूप फेडून टाकणे ही त्याला मदत आहे, हा आपल्या घराघरांतला समज मोडला पाहिजे.

जुगाराचे व्यसन हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे आणि अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये त्याला दारू व इतर व्यसनांच्या पंक्तीत बसवले. ज्यांना हे पटत नाही त्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांचा अनुभव पाहावा. मेंदूतल्या डोपामिनसारखे काम करणारी काही औषधे पार्किन्सनमध्ये दिली जातात. ती सुरू झाल्यावर, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली काही माणसे जुगाराच्या आहारी गेली आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर बरीचशी त्यातून बाहेरही आली. 'संस्कार कमी पडले' म्हणून आईला दोष देणाऱ्यांनी निदान एवढे लक्षात घ्यावे.

मुंबईच्या गिरणगावाने मटका पाहिला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडे लावण्यापासून तो सुरू झाला आणि साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावाने घरोघरी पोहोचला. आकड्याला एकास नऊ, जोडीला एकास नव्वद हा त्याचा रूढ भाव. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर हातात नऊच येतात. चालवणाऱ्याचा रुपया आधीच बाजूला पडलेला असतो. पण मटक्यात ओपन आणि क्लोज या दोन आकड्यांच्या मध्ये काही तास तरी जात. तेवढ्यात माणूस पाळीवर जाई, जेवे, घरी बायकोच्या नजरेस पडे. मोबाइलने हे मधले तास काढून घेतले. रात्री दोन वाजता, पांघरुणात, शेजारी बायको झोपलेली असताना एका बोटाने पगार जातो आणि दुसऱ्या बोटाने कर्जाच्या ॲपवरून नवे पैसे येतात. त्यात 'थोडक्यात हुकले' असे वारंवार दिसत राहते. असे थोडक्यात हुकणे हरण्यासारखे न वाटता आणखी खेळायला लावते, हे प्रयोगांतून दिसलेले आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मोठ्या कंपन्यांनी त्याच महिन्यात असे खेळ थांबवले. या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ती खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे. ही त्यातली सर्वांत शहाणपणाची बाब, कारण पोलिसांच्या भीतीने गप्प बसायचे कारण उरत नाही. बंदीचे मी स्वागत करतो. पण ॲप बंद झाले म्हणून ओढ बंद होत नाही. ज्याला क्रिकेटवर लावायचे आहे तो बुकीकडून 'आयडी' घेतो, परदेशातून चालणाऱ्या साइटवर जातो, आणि तिथे फसला तर दाद मागायची सोयही नसते. बंदीनंतर उपचारांची गरज वाढते, हे सरकारने अजून पुरते मनावर घेतलेले दिसत नाही.

मग बैठकीत करायचे काय? आधी देण्याचा खरा आकडा मिळवावा. तोंडी सांगितलेल्यावर जाऊ नये. पतमाहिती कंपन्यांकडून प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो. बँका आणि नोंदणीकृत कर्ज ॲप यांची देणी त्यात दिसतात. ती त्यानेच, त्याच्याच पगारातून, हप्ते बांधून फेडायची. घरच्यांनी एकरकमी रक्कम ओतायची नाही. पगाराचे खाते, एटीएम कार्ड, फोनवरून पैसे पाठवायची ॲप हे सारे त्याच्या संमतीने काही काळ बायकोच्या किंवा भावाच्या हाती द्यावे आणि त्याला रोजच्या खर्चाला मोजके रोख पैसे द्यावेत. हे त्याला अपमानाचे वाटेल. रागावून न सांगता, तुझ्याच बाजूने हे करतो आहोत, असे म्हणून करावे.

बुकीच्या देण्याची गोष्ट वेगळी. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल आहे, त्या पैशासाठी दावा चालत नाही. दारात येऊन दमदाटी करणाऱ्यापुढे जमिनीचा कागद ठेवण्याआधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. बँकेच्या वसुली एजंटालाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे.

आणि त्याच आठवड्यात उपचार सुरू करावेत. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या 'सिव्हिल'मध्ये, मनोविकार विभागाची चौकशी करावी. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मोबाइल आणि ऑनलाइन खेळांच्या नादासाठी 2014 पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर औषधेही लागतात. एक गोष्ट मात्र जपावी. देणे उघडे पडते ते पहिले काही दिवस जिवाला सर्वांत धोक्याचे असतात. त्या दिवसांत त्याला एकटे सोडू नये, टोचून बोलू नये, आणि 'जगून काय करू' असे तो म्हणाला तर थेट विचारावे की जीव द्यायचे मनात येते का. विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

जे मौजेखातर खेळतात त्यांच्यासाठी थोडे. दिवाळीत घरात तीन पत्ती होते, कुणी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जातो, कुणी गोव्याला मांडवीतल्या कॅसिनोत. खुद्द गोवेकरांना त्या जुगाराच्या टेबलांवर बसायला सरकारने बंदी घातली आहे, याचा पाहुण्यांनी विचार करावा. तरी जायचेच असेल तर सिनेमाच्या तिकिटासारखी, परत न येणारी रक्कम घरूनच रोख घेऊन जावी, कार्ड हॉटेलवर ठेवावे, मित्राकडून उसने घेऊ नये, आणि ती संपली की उठावे. गेलेले काढायला पुन्हा बसावेसे वाटले, किंवा हरलेली रक्कम घरी कमी करून सांगावीशी वाटली, तर त्याच दिवशी वरचा क्रमांक लावावा. उंबरठा तिथेच असतो.

सप्टेंबर 2025 पासून लॉटरी, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींवर चाळीस टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्राची स्वतःची लॉटरी 1969 पासून चालते. या उत्पन्नातला ठरावीक वाटा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जुगाराच्या रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस बाह्यरुग्ण विभाग चालवायला राखून ठेवावा, तिथे समुपदेशक नेमावा, घरच्यांनाही सोबत बसवावे. राज्य लॉटरीच्या प्रत्येक तिकिटावर बक्षिसाच्या रकमेइतक्याच मोठ्या अक्षरात 14416 छापावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अर्थखात्याने ठरवले तर पुढच्या सोडतीपासून होऊ शकते.