भिशीतली तिची जागा



भिशी म्हटले की आपल्यातल्या काही जणींच्या कपाळावर आठ्या येतात. साड्या, खाणे आणि गप्पा, यात कसली आली स्त्रीमुक्ती? पण कित्येक बायकांना महिन्यातली तेवढी एकच दुपार स्वतःची म्हणून मिळते. गंभीर आजार घरात शिरला की सर्वांत आधी जाते ती हीच दुपार.

२०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. तेव्हा कोणत्याही गटाने हे आपल्यापासून दूर आहे असे समजू नये. निदान झाले की नातेवाईक भेटून जातात, डबे येतात, नवस बोलले जातात. मैत्रिणी मात्र दबकतात. ‘तिला कशाला त्रास?’ म्हणून निरोप जात नाही, आणि दोन-तीन महिन्यांत तिचे नाव वहीतून गळते. कोणाच्या मनात वाईट नसते. पण आपल्याला न विचारता आपल्याबद्दल ठरवले जाणे आपण घरात पुरेसे सोसले आहे. मैत्रिणींकडूनही तेच?

तिला विचारावे. यायचे असेल तर भिशीची तारीख तिच्या उपचाराकडे बघून ठरवावी. केमोथेरपीचे डोस बहुधा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने असतात. डोसानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा जंतुसंसर्गाची भीती जास्त. पुढच्या डोसाच्या आधीचे दिवस त्यातल्या त्यात बरे, तरी डॉक्टरांना विचारलेले चांगले. जिला सर्दी-खोकला आहे तिने त्या दिवशी घरीच राहावे. तोंड आलेले असते, चव गेलेली असते, म्हणून भेळेऐवजी गरम मऊ खिचडी. डोक्यावर रुमाल बांधायचा की नाही हे तिचे ती बघेल. आणि सासूच्या, बाजारभावाच्या गप्पा खुशाल माराव्यात. आजाराखेरीज दुसरे काही ऐकायला मिळावे म्हणूनच तर ती येते!

आता पैशांचे. तपासण्या, मोठ्या शहराच्या खेपा, बुडालेली मजुरी. अशा वेळी चिठ्ठी न टाकता पुढचा नंबर तिला द्यावा. हे उपकार नव्हेत, हप्ते तिनेही भरलेले आहेत. मात्र तिचा हप्ता थकला तर काय, ती मध्येच गेली तर उरलेले कोणी भरायचे, हे तिच्यासमोरच बोलून घ्यावे. बोलायला जड जाते. पण न बोलल्याने पुढे तिच्या मुलांच्या दारात वसुलीला जायची पाळी येते, ते अधिक वाईट.

काही जणी मुलीचे लग्न व्हायचे आहे म्हणून आजार लपवतात. ही भीती आपल्या समाजानेच घातलेली आहे, तिच्याशी भांडायला आपण आहोतच. तोवर तिने सांगितलेले गटाबाहेर जाता कामा नये.

तुमच्या गटाने अशा वेळी काय केले, काय जमले नाही, ते आम्हाला जरूर लिहा. नावे न देता छापू.

– संपादक मंडळ