पहिला पडदा कोणाच्या भाषेत?

पतसंस्थेतील टोकनयंत्र, ग्रंथालयाच्या दारातील माहितीफलक, शाळेतील हजेरीयंत्र ही यंत्रे बाहेरून निरनिराळी दिसली, तरी अशा पुष्कळ यंत्रांच्या पोटात एक छोटा संगणक असतो. त्यावर चालणाऱ्या प्रणालीला एम्बेडेड प्रणाली म्हणतात. वीज मिळताच पडद्यावर बहुधा उत्पादकाचे बोधचिन्ह आणि इंग्रजी अक्षरे उमटतात. मराठी आलीच तर मागाहून. कारण विचारल्यास ‘सुरू होताना यंत्राला देवनागरी येत नाही’ असे सांगण्यात येते. हे उत्तर अर्धेच खरे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खरा भाग एवढाच की, लिनक्सचा मजकुरी पडदा एका वेळी फार तर ५१२ अक्षराकृती वापरू शकतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी नेणे किंवा जोडाक्षर घडवणे त्याला जमत नाही. परंतु स्वागताचा पडदा हा मजकूर नव्हेच. ते चित्र असते. लिनक्सचा सुप्रसिद्ध पेंग्विन पाहा. लॅरी युइंग यांनी १९९६ साली तो रेखाटला. कर्नलमध्ये तो ८० बाय ८० बिंदूंच्या, २२४ रंगांच्या चित्ररूपात असतो. २५६ पैकी ३२ रंग मजकुरी पडद्यासाठी राखलेले असतात. ते चित्र बदलून कर्नल पुन्हा संकलित केले, की पेंग्विनच्या जागी आपले बोधचिन्ह येते. कर्नलच्याही आधी जागे होणारे यू-बूट बीएमपी चित्र दाखवू शकते. यॉक्टोने घडवलेल्या प्रणालींत हे काम पीस्प्लॅशकडे सोपवता येते. चित्राला फॉन्ट लागत नाही. सुलेखनकाराने काढलेले ‘सुस्वागतम्’ यंत्र जसेच्या तसे दाखवील.

मग अडते कोठे? कुलपात. लिनक्स कर्नल जीपीएल या परवान्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळते. त्यानुसार यंत्रासोबत कर्नल घेणाऱ्याला त्याचा सोर्स कोड मिळाला पाहिजे. परंतु काही यंत्रे उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी असलेलेच कर्नल स्वीकारतात. कोड हाती असूनही बदल चालवता येत नाही. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वापराच्या उपकरणांपुरता हा मार्ग रोखला, पण कर्नल दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. जे परवान्याने पुरते मिळत नाही, ते करारात लिहून घेतले पाहिजे.

म्हणून सीमाभागातील व बृहन्महाराष्ट्रातील आपल्या संस्थांना आमची सूचना आहे की, यंत्रखरेदीच्या निविदेत तीन अटी घालाव्यात. सुरुवातीचे चित्र बदलण्याची साधने व लेखी रीत द्यावी. स्वाक्षरीची किल्ली देता येत नसेल, तर विक्रेत्याने ठरावीक मुदतीत विनामूल्य बदल करून द्यावा. प्रणालीच्या प्रत्येक अद्यतनानंतर आपले चित्र कायम राहावे.

यात कोणत्याही भाषेशी वैर नाही. एकाच चित्रात मराठीशेजारी कन्नड, गुजराती, तेलुगू वा कोंकणी सुखाने नांदू शकते. मात्र दोन पथ्ये पाळावीत. खासगी संस्थेने राजमुद्रा वापरू नये. २००५ च्या कायद्याने तिच्या अनुचित वापरास मनाई आहे. तसेच चित्रामागे दोषसंदेश कायमचे झाकू नयेत. दुरुस्ती करणाऱ्याला ते पाहण्याची सोय हवी.

दोन-चार सेकंदांच्या चित्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. वाचकहो, प्रश्न सेकंदांचा नाही. ज्या यंत्राचे साधे चित्र मालकाला बदलता येत नाही, त्याच्या सूचना, पावत्या आणि आवाज तरी तो आपल्या भाषेत कसा आणणार? पैसे मोजण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. मोजल्यानंतर तो केवळ विनंती उरतो.