पोरांत दम नाही?

सालेकसा-देवरीकडची मुले शिकायला नागपूरला जातात. त्यांतली काही दिवाळीला घरी येतात ती पुन्हा जातच नाहीत. मग गावात एकच निदान ऐकू येते : पोरांत दम नाही. आम्हांला हे निदान मुळीच मान्य नाही. पऱ्हे उपटून बांधीत रोवले की चार दिवस तेही पिवळे पडतात. त्या दिवसांत बांधीचे पाणी राखायचे असते. धानाला दोष कोणी देत नाही.

कॉलेजे उघडतात तीच मुळी ऐन रोवणीत. घरी हात हवेत, म्हणून मुलगा पंधरवडा उशिरा वर्गात पोचतो. तोवर इतरांच्या ओळखी झालेल्या असतात. २०२४ पासून नव्या धोरणानुसार मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक अशी निवड आली. ती चुकली तर विचारायचे कोणाला? त्यातून त्याने तोंड उघडले की झाडीबोली ऐकून मागच्या बाकांवर हशा पिकतो. १९९९ सालच्या, म्हणजे गोंदिया जिल्हा झाला त्याच वर्षीच्या, राज्याच्या रॅगिंगविरोधी कायद्याच्या व्याख्येत चिडवणेही येते. पण बोलीला हसणे हेही रॅगिंगच, असे कोणा प्राध्यापकाने बजावल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली. नवागताचे सोबत्यांशी, शिक्षकांशी, संस्थेशी नाते जुळावे, हा तिचा हेतू. कागद उत्तमच आहे! आमच्या पाहण्यातले स्वागत मात्र दीपप्रज्वलन, तीन भाषणे आणि अल्पोपहार यांत आटोपते. रोवणीतून येणाऱ्याच्या वाट्याला तेवढेही येत नाही. हे स्वागत रोवणी आटोपल्यावर पुन्हा का घेऊ नये? प्रत्येक नवागताला त्याच्याच तालुक्यातला, वरच्या वर्गातला एक सोबती नेमून द्यायला कोणता निधी लागतो?

आणि केवळ कॉलेजांनाच बोल लावून आम्ही मोकळे होणार नाही. बारावीच्या गुणवंतांना आपल्या धर्मग्रामांतही पुष्पगुच्छ मिळतो, टाळ्या पडतात. पुढे त्या मुलाने नागपुरात खोली कुठे घेतली, हे कोणी विचारीत नाही. नागपुरातल्या आपल्या किती कुटुंबांनी गोंदियाकडच्या एखाद्या मुलाला रविवारच्या मिस्सेनंतर जेवायला थांबवून घेतले आहे? या वर्षी सत्काराची यादी कराल, तेव्हा त्या मुलांना विचारून त्यांचे नवे पत्ते नागपूरच्या धर्मग्रामांकडे पाठवा, आणि तेही पहिल्या सत्राची परीक्षा येण्यापूर्वी.