नखं वाढवा, पण बाटली उलटी करून बघा

शाळेत सोमवारी प्रार्थना झाली की दोन्ही हात पुढे करून उभं राहायचं आणि बाई रांगेतून नखं तपासत जायच्या, आठवतंय? नखं वाढलेली दिसली की पट्टी ठरलेली. आज त्याच बोटांवर कॅट-आय आहे, क्रोम आहे, ओम्ब्रे आहे आणि लग्नसराईत तर नथ आणि पैठणीवरचा मोरसुद्धा आहे. घरातला वाद मात्र जुनाच. 'एवढ्या नखांनी कणीक कशी मळणार गं?' असं आई विचारते आणि आपण हट्टाने मळून दाखवतो.

या वादात २०२५ मध्ये एक नवा मुद्दा आला आणि तो काढला युरोपियन युनियनने. १ सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या २७ देशांत 'टीपीओ' हे रसायन असलेली जेल नेलपॉलिश विकायला बंदी आली. नुसती विकायलाच नाही, तर पार्लरमध्ये आधीपासून असलेली बाटली ग्राहकाच्या बोटांवर वापरायलाही बंदी. बातमी आली आणि मागोमाग रील्सचा पूर आला. एकीकडे 'जेल नेल्समुळे मूल होत नाही' अशी भीती, दुसरीकडे 'मी पाच वर्षं लावतेय, मला कुठे काय झालं?' असा दिलासा. या दोन्हींतून आपल्या उपयोगाचं काहीच हाती लागत नाही. आपल्यासाठी खरा प्रश्न वेगळाच आहे. तुमच्या नखांवर जे लावलं जातंय त्यात काय आहे, हे कळायची सोय तुमच्याकडे आहे का?

टीपीओ करतं काय?

साधं नेलपेंट वाळतं, म्हणजे त्यातला द्रव हवेत उडून जातो आणि रंगाचा थर मागे राहतो. जेल असं वाळत नाही. त्यातले छोटे छोटे रेणू दिव्याच्या प्रकाशात एकमेकांना जोडले जातात आणि घट्ट जाळं तयार होतं. म्हणून जेल दोन-तीन आठवडे टिकतं आणि साध्या रिमूव्हरने निघत नाही. ही जोडाजोडी सुरू करून देणारा एक घटक लागतो. टीपीओ म्हणजे ट्रायमिथाइलबेन्झॉयल डायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड हा असाच घटक. प्रकाश पडला की तो तुटतो आणि पुढची सगळी साखळी सुरू होते. काडेपेटीतल्या काडीसारखं त्याचं काम.

मग बंदी का? युरोपात रसायनांची धोक्यानुसार वर्गवारी होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आधारे टीपीओला 'प्रजननासाठी घातक' या वर्गात टाकलं गेलं. तिथला कायदा असा आहे, की एखादं रसायन या वर्गात गेलं की खास सूट मिळाल्याशिवाय ते सौंदर्यप्रसाधनांत वापरता येत नाही. थोडक्यात, जेल नेल्स करून कुणी आजारी पडलं म्हणून ही बंदी आलेली नाही. प्रयोगांत प्राण्यांना ते रसायन मोठ्या प्रमाणात पोटातून दिलेलं होतं. तुमच्या नखावरच्या थरात ते थोडंसं असतं आणि जेल नीट घट्ट झालं की बरंचसं त्यातच अडकून पडतं. त्यामुळे गेल्या दिवाळीत जेल नेल्स केले म्हणून रात्रीची झोप उडवून घ्यायचं कारण नाही.

पण नियमामागचा विचार समजून घ्यायला हवा. ज्याला पर्याय आहे आणि जे केवळ सजावटीसाठी आहे, त्यात असं रसायन कशाला ठेवायचं, असा तो विचार आहे. आणि आपण महिन्यातून एकदा खुर्चीत बसतो. समोर बसलेली ताई दिवसभर तेच जेल हाताळते, तीच भुकटी श्वासात घेते. तिच्या दृष्टीने हा विचार जास्त महत्त्वाचा आहे.

गाजावाजा न झालेला धोका

टीपीओवर इतकी चर्चा झाली, पण रोजच्या व्यवहारात जास्त त्रास देणारी गोष्ट दुसरीच आहे. ती म्हणजे अ‍ॅलर्जी. जेल, अ‍ॅक्रिलिक आणि त्यांच्या बेसकोटमध्ये मेथाक्रिलेट गटातली रसायनं असतात. त्यातलं 'हेमा' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. घट्ट झालेल्या जेलचा त्रास सहसा होत नाही. ओलं किंवा अर्धवट घट्ट झालेलं जेल त्वचेला पुन्हा पुन्हा लागलं, की शरीर त्याच्याविरुद्ध उभं राहतं. नखाभोवती लाली, खाज, बारीक फोड, नख खालच्या त्वचेपासून सुटणं ही त्याची लक्षणं. कधी कधी पापण्याही सुजतात, कारण तोच हात आपण डोळ्यांना लावतो.

ही अ‍ॅलर्जी एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. याच गटातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि गुडघा किंवा खुबा बदलताना वापरल्या जाणाऱ्या बोन सिमेंटमध्येही असतात. म्हणजे विशीत हौसेने घेतलेल्या होम किटची किंमत पुढे दाताच्या डॉक्टरांकडे मोजावी लागू शकते. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. युरोपात तर हेमा असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिक वापरासाठीच आहेत आणि तशी सूचना त्यांवर छापावी लागते. आपल्याकडे मात्र दिवा, जेल आणि फायलर असं सगळं एका डब्यात ऑनलाइन मिळतं. एका कंपनीचं जेल आणि दुसऱ्याच कंपनीचा दिवा अशी जोडी जमवली, तर वरून घट्ट दिसणारं जेल आतून कच्चंच राहू शकतं.

दिव्याबद्दलही दोन शब्द. 'आमचा एलईडी आहे, यूव्ही नाही' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. नखांचे एलईडी दिवेसुद्धा यूव्ही-ए किरणच सोडतात. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या पेशींवर यूव्ही नेल ड्रायरचा प्रयोग केला. सलग २० मिनिटांच्या एका प्रकाशझोतात २० ते ३० टक्के पेशी मेल्या. हा प्रयोग बशीतल्या पेशींवरचा होता, जिवंत हातावरचा नाही, आणि आपला हात एका वेळी दिव्याखाली इतका वेळ नसतो. तरीही उपाय इतका सोपा आहे, की तो न करण्याचं कारण नाही: दिव्याखाली हात घालण्याआधी हातांना सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं कापलेले हातमोजे घाला.

बाटली छोटी, सूट मोठी

टीपीओची बातमी वाचल्यावर मी माझ्या ड्रॉवरमधल्या जेलच्या तीन बाटल्या बाहेर काढल्या. एकीवर घटकांची यादी होती, दोघींवर नव्हतीच. आधी वाटलं, माल नकली असणार. मग नियम वाचले.

केंद्र सरकारच्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी छापावी लागते. पण त्यातच एक सूट आहे. ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव पॅक आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान घट्ट किंवा अर्धघट्ट पॅक यांवर ही यादी सक्तीची नाही. आता जेलची बाटली किती मोठी असते? ८, १०, फार तर १५ मिलिलिटर. म्हणजे जवळजवळ सगळीच नेलपॉलिश या सुटीत बसते. शाम्पूच्या मोठ्या बाटलीवर सगळं लिहिलेलं, आणि दिव्याखाली रासायनिक क्रिया होऊन नखाला चिकटणाऱ्या बाटलीवर काहीच नाही, अशी ही गंमत.

छोट्या बाटलीवर जागा नसते, हे मान्य. पण आज पाच रुपयांच्या चहाचे पैसेसुद्धा आपण क्यूआर कोडने देतो. तोच कोड बाटलीवर छापून पूर्ण यादी दाखवायला काय हरकत आहे? युरोपने एक रसायन काढून टाकलं, उद्या आपणही काढू. पण बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल, तर ते रसायन खरंच गेलं की नाही हे ग्राहकाला कळणार कसं? म्हणून आपल्यासाठी टीपीओच्या बंदीपेक्षाही ही यादीची मागणी आधी येते.

नियम बदलेपर्यंत विचारणं आपल्या हातात आहे. मी आमच्या भागातल्या एका पार्लरमध्ये विचारलं, तर ताई म्हणाल्या, 'असं कुणी विचारतच नाही गं. रंग आणि रेट, एवढंच विचारतात.' त्यांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली आणि मग स्वतःच म्हणाल्या, 'पुढच्या वेळी डीलरला विचारते.' एका प्रश्नाने इतकं तरी झालं.

लांबी किती, डिझाइन कोणतं?

आता हौसेकडे वळू, कारण नखं वाढवूच नका असं इथे कुणी म्हणत नाहीये. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात. लांबीचा विक्रम म्हणाल तर पुण्याचे श्रीधर चिल्लाळ. १९५२ पासून त्यांनी डाव्या हाताची नखं कापली नव्हती. २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती कापली, तेव्हा पाच नखांची एकूण लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली होती. पण इतक्या वर्षांच्या त्या भाराने त्यांचा हात कायमचा अधू झाला. उलट, अमेरिकेची धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर लांब, रंगवलेली नखं मिरवत धावायची आणि १९८८ मधला तिचा १०० मीटरचा १०.४९ सेकंदांचा विक्रम गाजला. तेव्हा लांबी चांगली की वाईट असं सरसकट सांगता येत नाही. तुम्ही हातांनी काय काम करता त्यावर ते ठरतं. नर्सिंग किंवा मेडिकलला असाल तर मात्र प्रश्नच नाही. रुग्णाला थेट हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत आणि स्वतःची नखं अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

बाकीच्यांनी आकार आपल्या दिनक्रमाप्रमाणे निवडावा. लोकलने प्रवास, दिवसभर टायपिंग आणि घरी भांडी असतील, तर बदामी किंवा अंडाकृती आकार बरा. कडा गोल असल्याने नख कमी अडकतं. चौकोनी नखाचे कोपरे ओढणीत अडकतात. टोकदार स्टिलेटो फोटोत भारी दिसतो, पण टोकाशी नाजूक असतो. कॉफिन आकाराला लांबी लागते, म्हणून तो बहुतेक वेळा एक्स्टेन्शनवरच जमतो. डिझाइनमध्ये फ्रेंच टिप किंवा खालून फिकं, वर गडद होत जाणारं ओम्ब्रे घेतलं, तर नख वाढल्यावर मुळाशी दिसणारी फट डोळ्यांत भरत नाही. कॅट-आयची चमक लोहचुंबकाने आणतात, तेही महिनाभर छान दिसतं. एका लग्नापुरतं हवं असेल तर प्रेस-ऑन बघा. दिवा लागत नाही. मात्र त्याचा गोंद त्वचेवर सांडू देऊ नका.

आणि रोजची निगा? जेल कधीही ओरबाडून काढू नका, त्याबरोबर नखाचा वरचा थरही निघतो. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस आणि फॉइल गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं थांबा. क्युटिकल कापायला नको म्हणा. नख आणि त्वचा यांच्यातलं ते झाकण आहे, ते गेलं की जंतूंना वाट मिळते. रात्री नखाभोवती खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. भांडी घासताना हातमोजे घाला. फायलर एकाच दिशेने फिरवा. नखाने डबा उघडू नका, चावीची रिंग तर मुळीच नको. जेल एका बाजूने सुटलं असेल तर ते पुन्हा चिकटवू नका. आत पाणी साचून जंतू वाढतात आणि नख हिरवट होतं. 'नखांना श्वास घेऊ द्या' असं म्हणतात, पण नख श्वास घेत नाही, त्याला पोषण रक्तातून मिळतं. तरी मध्ये एखादा महिना नखं मोकळी ठेवा, म्हणजे खाली काय झालंय ते तुम्हाला दिसेल. खाज, फोड किंवा नख सुटणं दिसलं, तर वर नवा थर चढवू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

पुढच्या वेळी पार्लरमध्ये गेलात की रंग आणि रेटच्या आधी तीन प्रश्न विचारा. या जेलमध्ये टीपीओ किंवा हेमा आहे का? दिवा याच कंपनीच्या जेलसाठी आहे का? त्वचेला लागलेलं जेल दिव्याआधी पुसणार ना? उत्तर मिळालं नाही तर बाटली हातात घ्या आणि उलटी करून बघा. लहानपणी बाई आपली नखं तपासायच्या. आता त्या नखांवर काय चढतंय, ते आपल्यालाच तपासावं लागणार आहे.