सुक्या फांदीची कैफियत

पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला झाडीतून बाहेर काढायचे आणि मग त्याचे छायाचित्र टिपायचे, या प्रकाराविषयी मी या सदरात पूर्वीही तक्रार केली आहे, आणि गेल्या रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेत जे पाहिले त्यानंतर ती पुन्हा केल्यावाचून राहवत नाही. फाल्गुनातली सकाळ होती. एक दयाळ उंच शेंड्यावर शेपटी उभारून मनसोक्त शीळ घालीत होता, आणि आमच्यातील एका तरुणाने त्याच जातीची शीळ यंत्रातून काढताच तो गाणे टाकून खाली झेपावला व पिसे फुलवून या फांदीवरून त्या फांदीवर, मुळात नसलेल्या प्रतिस्पर्ध्याचा शोध घेत हिंडू लागला. विणीच्या तोंडावर नराने आपल्या हद्दीचा बंदोबस्त करावा, चारा शोधावा, मादीच्या आसपास राहावे, ती वेळ अशा रीतीने फुकट जाते. आणि सुट्टीच्या दिवशी एकामागून एक अशी मंडळी येत राहिली, तर त्या जिवाची सारी सकाळ बुडते. तरुण मात्र सज्जन होता. सांगितल्यावर त्याने मोबाइल खिशात टाकला आणि उरलेली फेरी आमच्याबरोबर मोठ्या आस्थेने केली.

ही बाग १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली, आणि आज ती वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नावाने ओळखली जाते. पिंजऱ्यांकडे धाव घेणाऱ्या गर्दीचे लक्ष सहसा जात नाही, पण येथली खरी दौलत वृक्षांची आहे: गोरखचिंच, कैलासपती, उर्वशी. त्यांच्या आश्रयाने हळद्या, पोपट, बुलबुल, शिंजीर असा मोठा परिवार ऐन शहरात नांदतो.

पण रविवारच्या फेरीत मला सर्वांत अधिक वेळ खिळवून ठेवले ते तांबटाने. थंडीत बहुतांशी मौन पाळणारा हा पक्षी उन्हाचा ताव वाढू लागला म्हणजे टुक् टुक् असा एकसुरी ठोका सुरू करतो, आणि मग दुपारभर त्याला खंड नसतो. चिमणीहून जरासा मोठा, ठेंगणा, हिरवा. कपाळावर व छातीवर तांबडाभडक डाग, डोळ्याभोवती व गळ्यावर पिवळा रंग, चोचीच्या मुळाशी राठ मिशा. ठोका देताना त्याची चोच मिटलेलीच असते. गळ्याची कातडी तेवढी प्रत्येक ठोक्याला फुगते आणि बसते, आणि मान सारखी इकडून तिकडे वळत असल्यामुळे आवाज नेमका कोठून येतो याचा ऐकणाराला पत्ता लागत नाही. आम्हांला तो लागला तो आवाजावरून नव्हे, तर लाकडाच्या भुशावरून. एका पांगाऱ्याच्या सुक्या, आडव्या फांदीखाली पिवळसर चुऱ्याचे कण पडले होते. वर पाहिले तो फांदीच्या खालच्या अंगाला दोन बोटे जातील एवढे वाटोळे भोक दिसले, आणि त्यातून तांबटाचे डोके बाहेर आले, चोचीतला चुरा त्याने हवेत टाकला आणि ते पुन्हा आत गेले. थोड्या वेळाने तो उडून गेला व त्याच्या जागी दुसरा आला, कारण ढोली कोरण्याचे काम या जातीत नर व मादी दोघेही करतात. भोक खालच्या अंगाला असते म्हणून पावसाचे पाणी आत शिरत नाही. फांदी सुकी लागते, कारण तांबटाची चोच जाड असली तरी सुतारपक्ष्याच्या चोचीइतकी कणखर नसते, आणि बुरशीने आतून मऊ झालेले लाकूडच तिला पेलते. हिरव्यागार, निरोगी वृक्षांनी भरलेल्या बागेत पाहुणा म्हणून तो येईल, उंबराची फळे खाईल आणि निघून जाईल; बिऱ्हाड मात्र त्याला वठलेल्या लाकडातच करता येते.

बुधवारी सकाळी आमच्या उपनगरातील लहानशा उद्यानात गेलो, तेव्हा तेथल्या पांगाऱ्याची अशीच एक फांदी करवतीने कापून जमिनीवर टाकलेली होती. तिच्यावर ढोली होती हे मला ठाऊक होते. फांदी उलटी करून पाहिली. भोकाच्या कडा ताज्या होत्या, आत अंडी नव्हती, एवढेच त्यातल्या त्यात समाधान. मी मुकादमांना गाठले.

ते म्हणाले, “काका, वरून तोंडी हुकूम आहे. सुकं लाकूड ठेवायचं नाही. उद्या कोणाच्या डोक्यात पडलं तर जबाब आम्हांला द्यावा लागतो.”

या उत्तराला उत्तर नाही असे वाचकांपैकी अनेकांना वाटेल, आणि मुकादमांच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो. वाटेवर, बाकावर, मुलांच्या घसरगुंडीवर झुकलेली सुकी फांदी ठेवावी असे म्हणण्याचे धाडस कोणी शहाणा मनुष्य करणार नाही. परंतु ही फांदी कण्हेरीच्या दाट ताटव्यावर होती, जेथे माणसाचे पाऊल पडत नाही. सरसकट हुकूम सुटला म्हणजे असा फरक करण्याची मुभा खालच्या माणसाला उरत नाही, आणि माझा खरा राग त्या सरसकटपणावर आहे.

कायद्याच्या बाजूनेही या गोष्टीचा विचार व्हावयास हवा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देण्याचाही समावेश आहे. झाडांसाठी आपल्या राज्यात १९७५ सालचा निराळा अधिनियम आहे आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी वृक्ष प्राधिकरण आहे. म्हणजे घरटे एका दप्तरात, झाड दुसऱ्या दप्तरात; आणि ज्या सुक्या फांदीत घरटे असते तिचा वाली कोणत्याच दप्तरात नाही. तांबट हा मुंबईचा नगरपक्षी म्हणून आपण अभिमानाने सांगतो, तर त्याच्या घराचीही काही तजवीज या नगरीने केली पाहिजे.

आणि घर एकट्या तांबटाचे नसते. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे दुसऱ्यांचे संसार होतात. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली रानचिमणी ही अशांपैकीच एक, आणि तिचे नाव निघाले की मला सालिम अली आठवतात. खेतवाडीत वाढलेल्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने जी चिमणी पाडली ती हीच. ओळख पटवण्यासाठी ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि तेथले कार्यवाह मिलार्ड यांनी त्याला रागे न भरता कपाटांतील पक्ष्यांचे नमुने एकेक उघडून दाखवले. हेच मिलार्ड मोठे वृक्षप्रेमी होते. भारतातील सुंदर वृक्षांवर फादर ब्लॅटर यांच्यासह त्यांनी लिहिलेला ग्रंथ आजही जाणकार जपून ठेवतात. एकाच माणसाच्या ठायी झाडाचा आणि पक्ष्याचा असा दोहोंचा विचार असू शकतो, तर एकाच नगरपालिकेच्या ठायी तो का असू नये?

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. उद्यानांतील सुक्या फांद्यांची पाहणी आणि छाटणी फाल्गुन-चैत्रात, पावसाळ्याच्या धास्तीने घाईघाईने करण्याऐवजी ती कार्तिकात करावी. आज पांगारा आणि सावर यांच्या जित्या फांद्याही निष्पर्ण असतात, त्यामुळे जिवंत कोणती आणि मेलेली कोणती हे करवत धरणाराला कळत नाही. कार्तिकात झाड पानांनी भरलेले असते आणि सुकी फांदी आपोआप निराळी दिसते. त्या वेळी ढोल्यांत अंडीपिल्ले सहसा नसतात. रात्री झोपायला तांबट ढोलीत येतात खरे, पण पंख फुटलेला पक्षी दुसरी जागा शोधू शकतो. वाटेवरच्या धोकादायक फांद्या तेव्हा काढाव्यात, निर्मनुष्य जागेवरच्या राखाव्यात, आणि फारच लांब असतील तर शेंडा उतरवून बुंध्याकडचा भाग ठेवावा. फाल्गुनानंतर एखादी फांदी काढणे अगदीच अपरिहार्य झाले, तर करवत लावण्यापूर्वी एका माणसाने खाली उभे राहून तिचे खालचे अंग नीट पाहावे. अंड्यांना ऊब लागते ती सुमारे दोन आठवडे, पिल्ले उडेपर्यंत आणखी महिनाभर. तेवढी मुदत उद्यान खात्याने द्यावी.

या मजकुराचा अर्ज मी लिहून ठेवला आहे आणि उद्यानात नित्य येणाऱ्या मंडळींच्या सह्या त्यावर घेत आहे. मुकादमांनाही तो वाचून दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले, “भोक खालून दिसतं कसं, ते आमच्या पोरांना दाखवाल का? त्यांना कोणी सांगितलेलंच नाही.” सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी मी दुर्बीण घेऊन तेथे जाणार आहे, आणि राणीच्या बागेत भेटलेल्या त्या तरुणालाही बरोबर बोलावले आहे.